थांबण्याची विद्या : यीस्ट आणि देवमासा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर आमच्यापैकी अनेकांना जीवशास्त्र शिकवायला होते. दोन सजीवांची तुलना करायला सांगितली की आम्ही वहीत मधोमध रेघ मारून फरकांचा तक्ता आखायचो. सरांना तो तक्ता मुळीच चालत नसे. फरक डोळ्यांना आपोआप दिसतात, दोघांना एकच अडचण कुठे येते ते शोधा, असं त्यांचं सांगणं असे. आज मी त्यांच्या रीतीनं दोन सजीव तुमच्यापुढे मांडणार आहे. एक आहे यीस्ट, म्हणजे पाव फुगवणारी आणि माडी आंबवणारी एकपेशीय बुरशी. दुसरा आहे निळा देवमासा, पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या प्राण्यांत बहुधा सर्वांत वजनदार. या दोघांपुढची समान अडचण म्हणजे वाढायचं कधी आणि थांबायचं कधी.

आधी मापं सांगतो. यीस्टची पेशी साधारण पाच मायक्रॉनची असते. एका मिलिमीटरच्या लांबीत अशा दोनशे पेशी ओळीनं बसतात. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाच्या पिठात ताजी माडी घालत, तेव्हा त्या माडीच्या एका थेंबात या पेशी लाखोंनी असत. निळा देवमासा २५ मीटरचा धरला तर तो लांबीनं यीस्टच्या ५० लाख पट भरतो. वजनाचा हिशोब मात्र कल्पनेपलीकडे जातो. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले साठेक भाग म्हणजे एका यीस्ट पेशीचं वजन. देवमासा १०० टनांचा धरू, आणि हे अतिशयोक्त नाही. दोघांच्या वजनातली तफावत लिहायला एकावर अठरा शून्यं द्यावी लागतात.

आता जनुकांकडे वळा. यीस्टचा संपूर्ण जनुकसंच १९९६ मध्ये वाचून झाला. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान यीस्टला पहिल्यांदा मिळाला. सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं आणि जवळपास ६,००० जनुकं, हा तिचा पसारा. देवमाशाच्या जनुकसंचात अक्षरं दोन अब्जांहून जास्त आहेत, पण प्रथिनं घडवणारी जनुकं इतर सस्तन प्राण्यांप्रमाणे वीस हजारांच्या आसपासच. वजन अठरा शून्यांनी वाढलं आणि जनुकं जेमतेम तिप्पट-चौपट झाली. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. एवढा अवाढव्य देह उभा करायला निसर्गाला फारसं नवं सामान लागलंच नाही.

सामान कसलं, तर पेशी. देवमाशाच्या यकृतातली किंवा कातडीतली पेशी तुमच्या-माझ्या पेशीएवढीच असते, दहा-वीस मायक्रॉनची, म्हणजे यीस्टच्या दुप्पट-चौपट. वाडा असो की झोपडी, वीट तेवढीच. पेशी मोठी का होत नाही, याचं कारण साध्या भूमितीत आहे. पेशीची रुंदी दुप्पट झाली की तिचं बाहेरचं कातडं चौपट होतं आणि आतला ऐवज आठपट. अन्न आणि प्राणवायू कातड्यातून आत येतात, पण ते संपवणारा ऐवज आत असतो. त्यामुळे मोठी पेशी उपाशी राहते. यीस्टनं लहान राहून हा प्रश्न सोडवला. देवमाशानं तोच उपाय धरून ठेवला आणि त्याच्याभोवती फुप्फुसं, आतडी आणि रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं, जेणेकरून प्रत्येक पेशीच्या शेजारून एखादी केशवाहिनी जावी. देवमाशाच्या पोटातली पेशी समुद्रात राहत नाही. ती राहते स्वतःभोवतीच्या खारट, साखरयुक्त द्रवात, आणि यीस्ट राहते तिच्या आंबवणात. दोघींचं रोजचं जगणं पाहिलं तर फार वेगळं नाही.

आकाराच्या या गणितावर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये एक निबंध लिहिला. प्रत्येक प्राण्याला त्याच्या रचनेनुसार योग्य असा एक आकार असतो आणि आकार बदलला की रचनाही बदलावी लागते, असा त्याचा मुद्दा. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा मुद्दा कोकणच्या किनाऱ्यावर फार क्रूरपणे पटतो. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला ४० फुटांहून लांब निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू आलं. गावकरी, वनखातं आणि इतर यंत्रणा कित्येक तास पाण्यात उभ्या राहिल्या. दोन्ही प्राणी वाचले नाहीत. पाण्यानं उचलून धरलेला देह वाळूवर आला की स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसं दबतात आणि जाड चरबीमुळे आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही. समुद्राबाहेर एवढ्या आकाराला परवानगी नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भरपूर अन्न आणि ऊब असेल तर यीस्टची पेशी साधारण ९० मिनिटांत दुप्पट होते. एका पेशीपासून सुरुवात करा. दीड तासानं दोन, तीन तासांनी चार, असं करत गेलात तर साठाव्या दुपटीला त्या बुरशीचं वजन सुमारे ७० टन भरेल आणि एकसष्टाव्या दुपटीला ती निळ्या देवमाशापेक्षा जड होईल. वेळ किती लागला? चार दिवसांहूनही कमी. अर्थात असं कधी घडत नाही, कारण अन्न आणि जागा फार आधी संपतात. पण कागदावर हा हिशोब करून बघा, कारण त्याची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावते.

देवमासाही एकाच पेशीपासून सुरू होतो. पूर्ण वाढलेल्या देवमाशाच्या पेशींचा ढोबळ अंदाज केला, तर एका पेशीपासून तिथवर पोचायला साठापेक्षा कमी दुपटी पुरतात. म्हणजे यीस्टला जेवढ्या पायऱ्या, जवळजवळ तेवढ्याच देवमाशाला. फरक इतकाच की यीस्ट त्या चार दिवसांत चढू पाहते आणि देवमासा वर्षानुवर्षं. पिल्लू आईच्या पोटात वर्षभराच्या आसपास असतं, जन्मतः सात मीटर लांब आणि दोन-तीन टनांचं असतं, मग आईच्या दाट दुधावर दिवसाला ९० किलोच्या आसपास वजन वाढवतं. इतकी घाई करणारं ते शरीर नंतर थांबतं. रक्तात साखर आहे, प्राणवायू आहे, क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जिवांच्या हंगामात एकेका दिवसाला १६ टनांपर्यंत खाणं पोटात जातं आहे, आणि तरी यकृतातली पेशी दुप्पट होत नाही. उपासमारीत थांबणं सोपं असतं. भरल्या ताटासमोर थांबणं ही देवमाशाच्या पेशीची करामत आहे आणि माझ्या मते त्या प्राण्याचं खरं मोठेपण ते आहे.

यीस्टला थांबता येत नाही असा कुणी समज करून घेऊ नये. अन्न सरत आलं की ती विभाजनाच्या आधीच्या टप्प्यावर थबकते, भिंत जाड करते आणि महिनोन् महिने वाट पाहते. ती बाहेरच्या परिस्थितीचं ऐकते. देवमाशाची पेशी शेजारणींचं ऐकते. ऐकणारं यंत्र मात्र दोघींचं एकच आहे, आणि हे कसं कळलं ती विसाव्या शतकातल्या विज्ञानाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

अमेरिकेत सिएटलला लीलंड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास यीस्टच्या सदोष पेशी गोळा करायला सुरुवात केली. ज्या पेशी विभाजनाच्या ठरावीक पायरीवर अडकतात, त्या बाजूला काढायच्या आणि कोणतं जनुक बिघडलंय ते शोधायचं. तिकडे स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला मर्डॉक मिचिसन हे प्राध्यापक दुसऱ्या एका यीस्टवर काम करत होते. ही यीस्ट पूर्व आफ्रिकेतल्या तृणधान्याच्या बिअरमधून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळी केलेली. पावाच्या यीस्टसारखी तिला कळी फुटत नाही. ती काडीसारखी लांब होते आणि मधोमध दुभंगते, त्यामुळे लांबी मोजली की पेशी कुठल्या टप्प्यावर आहे ते समजतं. हे मिचिसन म्हणजे हाल्डेन यांच्या बहिणीचे, लेखिका नेओमी मिचिसन यांचे चिरंजीव. मामानं प्राण्याच्या योग्य आकारावर लिहिलं आणि भाच्यानं पेशीच्या योग्य आकारावर आयुष्य घातलं.

मिचिसन यांच्या प्रयोगशाळेत पॉल नर्स नावाचा तरुण संशोधक आला. त्याला काही पेशी अर्ध्या आकाराच्याच असताना दुभंगताना दिसल्या. म्हणजे पेशी आता पुरेशी वाढली, दुभंग, असं सांगणारं काहीतरी त्यांच्यात बिघडलं होतं. यातून तो ज्या जनुकापर्यंत पोचला त्याचं नाव सीडीसी-२. हे जनुक पूर्ण मोडलं तर पेशी दुभंगायचं विसरते आणि नुसती लांबत राहते. पुढे लंडनला १९८७ मध्ये नर्स आणि त्यांच्या सहकारी मेलनी ली यांनी एक धाडसी प्रयोग केला. ज्या यीस्ट पेशींचं हे जनुक नादुरुस्त होतं, त्यांच्यात माणसाच्या जनुकांचे तुकडे सोडले. बहुतेक पेशी तशाच लांबत राहिल्या. काही मात्र नीट दुभंगू लागल्या. त्यांच्यात शिरलेला तुकडा माणसाच्या त्याच जनुकाचा निघाला. शंभर कोटी वर्षांच्या आसपास वेगळ्या वाटांनी गेलेल्या दोन सजीवांपैकी एकाचा सुटा भाग दुसऱ्यात बसला आणि यंत्र चालू झालं. हार्टवेल, नर्स आणि समुद्री साळूच्या अंड्यांवर काम करणारे टिम हंट यांना २००१ चं नोबेल मिळालं. पुढे २०१५ मध्ये टेक्सासात एडवर्ड मार्कॉट यांच्या गटानं यीस्टची ४१४ अत्यावश्यक जनुकं एकेक करून माणसाच्या जनुकांनी बदलून पाहिली. जवळजवळ निम्म्या वेळा यीस्ट जगली. माणूस आणि देवमासा दोघेही सस्तन, त्यामुळे माणसात जे यंत्र सापडलं तेच देवमाशातही आहे.

हे इतकं जमलं कसं? कारण बुरशी आणि प्राणी हे जवळचे नातलग आहेत. आपण शाळेत बुरशीला वनस्पतींच्या प्रकरणात शिकलो, आणि आजही पुष्कळांच्या मनात अळंबी भाजीच्या रांगेत बसते. पण जनुकांच्या अभ्यासातून १९९० च्या दशकापासून स्पष्ट झालं की बुरशी झाडापेक्षा देवमाशाला जवळची आहे. झाडं पिठूळ स्टार्च साठवतात. बुरशी आणि प्राणी दोघेही ग्लायकोजेन साठवतात. दोघेही उन्हातून अन्न बनवत नाहीत, दुसऱ्यानं बनवलेलं खातात. आणखी एक खूण आहे आणि ती मला फार विलक्षण वाटते. पाण्यात राहणाऱ्या कायट्रिड नावाच्या प्राचीन बुरशींचे बीजाणू पोहतात. त्यांना एकच शेपटी असते, मागच्या बाजूला, आणि ती पेशीला पुढे ढकलते. देवमाशाचा शुक्राणूही असाच, मागे एक शेपटी, ढकलत पुढे जाणारा. प्राणी आणि बुरशी यांच्या सामायिक पूर्वजाची ही चाल निळ्या देवमाशाच्या प्रत्येक पिढीत अजून एकदा पोहून जाते.

देवमाशाच्या वंशाची अलीकडची पानं तर आपल्याच उपखंडात सापडली आहेत. जम्मूतल्या कालाकोट भागात भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांतून त्यांच्या पश्चात इंडोहायस नावाच्या प्राण्याची हाडं निघाली. चार खुरांचा, मांजरापेक्षा थोडा मोठा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. हान्स थ्युइसेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की देवमाशांचं सर्वांत जवळचं जमिनीवरचं गोत्र हे. म्हणजे आकार ही या वंशाची जुनी मिरास नव्हे. निळ्या देवमाशाइतका प्रचंड देह तर गेल्या काही दशलक्ष वर्षांतला, थंड समुद्रात क्रिलचे दाट थवे ठरावीक जागी जमू लागले त्यानंतरचा.

बुरशीशी असलेल्या नात्याची किंमत मोजावी लागते ती आजारात. २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं काय केलं ते या सभागृहातल्या बऱ्याच जणांनी घरात पाहिलं असेल. त्यावरच्या अॅम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी लोक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते, आणि औषध मिळालं की मूत्रपिंडं तपासत बसावं लागत होतं. जिवाणूची पेशी आपल्याहून फार वेगळी असते, म्हणून तिला मारणारी आणि आपल्याला सोडणारी औषधं पुष्कळ मिळाली. बुरशीची पेशी आपल्यासारखी. अॅम्फोटेरिसिन बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं, पण आपल्या पटलातलं कोलेस्टेरॉल त्याचं भावंडच, म्हणून मार थोडा आपल्यालाही बसतो. समुद्रातल्या सस्तनांनाही हा शेजार महाग पडतो. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर १९९९ पासून क्रिप्टोकॉकस गॅटी नावाच्या यीस्टसारख्या बुरशीची साथ आली. झाडांवर आणि मातीत वाढणाऱ्या या बुरशीनं माणसं, कुत्री, मांजरी यांच्यासोबत किनाऱ्याजवळचे पॉर्पॉइज मारले. पॉर्पॉइज हा देवमाशाच्या कुळातला लहान प्राणी. या कुळातले प्राणी एका श्वासात फुप्फुसातली बहुतेक हवा बदलून टाकतात. खोल बुडी मारायला ते उपयोगाचं. त्याच एका श्वासात जमिनीवरून उडालेले दोन-तीन मायक्रॉनचे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

पण परक्या बुरशीपेक्षा मोठा धोका घरातला आहे, आणि तो म्हणजे स्वतःच्या पेशींपैकी एखादीनं थांबणं सोडून देणं. कर्करोग म्हणजे दुसरं काय? प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल करताना चूक व्हायची शक्यता असते. देवमाशाकडे माणसाच्या हजार पटीहून जास्त पेशी आहेत आणि निळा देवमासा ८०-९० वर्षं जगतो. साधा हिशोब केला तर प्रत्येक देवमासा तरुणपणीच कर्करोगानं मरायला हवा. तसं होत नाही. इंग्लंडमधले रिचर्ड पेटो यांनी १९७० च्या दशकात ही विसंगती मांडली आणि तेव्हापासून ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. हत्तीचं उत्तर २०१५ मध्ये हाती लागलं. पेशीचा डीएनए बिघडला की तिला मरायला लावणाऱ्या टीपी-५३ या जनुकाच्या माणसात दोन प्रती असतात, हत्तीत वीस जोड्या. देवमाशात असं काही सापडलं नाही, म्हणून शोध चालू राहिला.

या शोधाची एक वाट आर्क्टिकमधल्या बोहेड देवमाशापर्यंत जाते. अलास्कातले इन्युपियाट लोक पूर्वापार त्याची शिकार करतात. त्यांनी मारलेल्या काही बोहेडच्या चरबीत दगडी टोकांचे जुने भाले निघाले. अशी टोकं वापरून कैक पिढ्या झाल्या होत्या. पुढे डोळ्यांच्या भिंगातल्या रासायनिक बदलांवरून वय काढलं, तेव्हा एकाचं वय २०० वर्षांच्या पुढे गेलं. रोचेस्टर विद्यापीठातल्या व्हेरा गोर्बुनोव्हा आणि अँड्रेई सेलुआनोव्ह यांच्या गटानं याच शिकाऱ्यांच्या सहकार्यानं मिळालेल्या पेशी वाढवून पाहिल्या, आणि २०२५ मध्ये निष्कर्ष छापले. अपेक्षा अशी होती की या पेशींना कर्करोगाकडे ढकलणं फार अवघड जाईल. उलटंच निघालं. त्या माणसाच्या पेशींपेक्षा कमी धक्क्यांत बिघडतात. मात्र धक्का बसण्याची वेळच क्वचित येते, कारण डीएनएचा तुटलेला धागा त्या फार नीट सांधतात. हत्ती बिघडलेल्या पेशीला काढून टाकतो, बोहेड तिची डागडुजी करतो. या कामात मदत करणारं सीआयआरबीपी नावाचं प्रथिन बोहेडमध्ये भरपूर असतं, आणि ते थंडीत वाढतं. थंड समुद्र आणि दीर्घायुष्य यांचा असा संबंध असेल, हे आधी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता मी तुम्हाला दोन वस्तू जवळून दाखवतो, कारण त्या दाखवण्यासाठीच मी हा विषय घेतला.

पहिली यीस्टची. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टचा थेंब ठेवला की काही पेशींच्या कडेला एक फुगवटा दिसतो. तो वाढत जातो, मूळ पेशीच्या, म्हणजे आईच्या, आकाराच्या जवळपास आला की सुटतो. सुटताना आईच्या भिंतीवर कायटिनचं एक गोल वळं राहतं, आणि ते कधीच पुसलं जात नाही. कायटिनला चिकटणारा रंग घालून अतिनील उजेडात पाहिलं तर ती वळी निळसर चमकतात, आणि मोजली की या पेशीनं किती लेकी जन्माला घातल्या ते कळतं. १९५९ मध्ये मॉर्टिमर आणि जॉन्स्टन या संशोधकांनी सुईनं प्रत्येक लेक बाजूला करत आईवर नजर ठेवली. आई साधारण वीस-पंचवीस वेळा विते आणि मग थांबते, भोवती कितीही साखर असली तरी. लेक मात्र नव्या वयानं सुरू करते, आईचं म्हातारपण तिच्यात उतरत नाही. चार दिवसांत देवमाशाएवढी होऊ पाहणाऱ्या या बुरशीतही प्रत्येक आईला शेवटचा दिवस असतो, आणि त्याची नोंद तिच्याच अंगावर असते.

दुसरी वस्तू देवमाशाची. निळ्या देवमाशाच्या कानाला बाहेर छिद्र उघडं नसतं. आत मेण साचत जातं, जन्मभर, एक फिकट थर आणि एक गडद थर, दर सहा महिन्यांना एक. त्या मेणाचा लांबट बोळा तयार होतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या स्टीफन ट्रम्बल आणि साशा युसेन्को यांनी २०१३ मध्ये अशा एका बोळ्याचा अभ्यास छापला. तो २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा भागात जहाजाच्या धडकेनं मेलेल्या बारा वर्षांच्या नराचा होता, जवळपास २५ सेंटिमीटर लांब. थर एकेक करून तपासले. टेस्टोस्टेरॉन कधी वाढलं, म्हणजे तो वयात कधी आला, ते सापडलं. ताणाच्या वेळी स्रवणारं कॉर्टिसॉल सापडलं, पारा सापडला. आणि सर्वांत जुन्या थरांत, पहिल्या वर्षाच्या थरांत, कीटकनाशकं इतर कुठल्याही काळापेक्षा जास्त होती. ती आईच्या पोटातून आणि दुधातून आली होती.

याच गटानं पुढे अशा वीस बोळ्यांमधलं कॉर्टिसॉल शिकारीच्या आकडेवारीशेजारी ठेवलं. जगभरची शिकार केवढी होती ते पाहा. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात तीन लाखांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत जहाजांनी आपल्या अरबी समुद्रातून काही दिवसांत दोनशेच्या वर हंपबॅक देवमासे उचलले. शिकार जसजशी चढली तसतसं मेणातलं कॉर्टिसॉल चढलं, शिकार उतरली तसं उतरलं. एक अपवाद मात्र ठळक होता. दुसऱ्या महायुद्धात शिकार जवळपास थांबली होती, तरी ताण वाढलेलाच होता. पाणबुड्या, सुरुंग आणि बाँबचे आवाज त्या प्राण्यांच्या कानातल्या मेणात लिहून राहिले.

म्हणून माझी एक ठोस सूचना आहे आणि या व्यासपीठावरून मी ती आग्रहानं करतो. निळे देवमासे आपल्या किनाऱ्याला परके नाहीत. सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोर २०१५ मध्ये संशोधकांनी ते होडीतून पाहिले आहेत, आईबरोबर पिल्लूसुद्धा. किनाऱ्याला लागलेला मृत देवमासा बहुतेक वेळा दुर्गंधीच्या भीतीनं घाईघाईत वाळूत पुरला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या कानातली सगळी वर्षंही पुरली जातात. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. तेव्हा परवानगीची कायमची व्यवस्था आधी करून ठेवायला हवी. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात देवमाशाचा सांगाडा जतन केलेला आहे, म्हणजे हाडं राखण्याची परंपरा आपल्याकडे आहे. तिला कानातल्या मेणाची आणि थोड्या ऊतींची जोड द्यायची आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या महाविद्यालयांतल्या प्राणीशास्त्र विभागांनी वनखात्याशी बोलून दोन-तीन माणसं आधीच शिकवून ठेवावीत, गोठवण्याची सोय करावी, आणि देवमासा लागल्याचा फोन आला की जेसीबीच्या आधी ती माणसं तिथं पोचावीत. तोवर त्याच विभागांच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना माडीचा एक थेंब द्यावा, रंग द्यावा, आणि यीस्टच्या अंगावरची वळी मोजायला बसवावं.